डावा थोरल्याचा, उजवा धाकट्याचा

थोरल्या भावानं धाकट्याच्या डोक्यात बैलगाडीची उभारी घातली, हे मला गावातल्या तिसऱ्याच माणसानं फोनवर सांगितलं. मी तेव्हा वसमतला आमच्या गॅरेजात एका स्कूटरचा बेल्ट बदलत होते. दोन्ही हात ग्रीसनं भरलेले, फोन कान आणि खांद्यात दाबून धरलेला. तो म्हणाला, "बाई, टाके पडले, पर जीव वाचला. आता चार माणसांनी बसून ठरवलंय, ती मोटारसायकल तुज्याकडं धाडायची. तूच काय ते बराबर करून दे." मी विचारलं, "मारामारी काहून झाली?" तर म्हणाला, "गाडीपायीच की." मी हातातला पाना भिंतीवर फेकला. आमच्या गॅरेजच्या भिंतीला तसले खड्डे आधीपासून बरेच आहेत. नवऱ्यानं पाना उचलून आणला आणि पुन्हा माझ्या हाताशी ठेवला.

मी रागीट बाई आहे. आमचं घराणंच तसं. बाप बोलायच्या आधी हात उचलायचा, आणि हाताशी असेल ते वापरायचा. कासरा असला तर कासरा, चप्पल असली तर चप्पल. आम्हा तिघा भावंडांना त्यानं कधी कमीजास्त केलं नाही, सगळ्यांना सारखंच बडवलं. थोरला माझ्याहून मोठा, धाकटा माझ्याहून लहान, मी मधली. मार पडायला लागला की थोरला मला पाठीशी घालायचा आणि धाकटा बापाच्या पिंडरीला चावायचा. शाळेच्या वाटेवर एका पोरानं माझी ओढणी ओढली तेव्हा या दोघांनी त्याला नाल्यात पाडून असा तुडवला की त्याची आई आमच्या दारात येऊन छाती बडवून गेली. मला त्या दिवशी फार अभिमान वाटला होता, आणि अजूनही वाटतो.

बाप गेला, मागोमाग आई गेली. शेतावर तिघांची नावं लागली. मग एके दिवशी दोघं मला तहसीलला घेऊन गेले आणि माझ्या वाट्याचं हक्कसोड करून घेतलं. आमच्याकडं बहुतेक बहिणी सही करून मोकळ्या होतात. मागितलं तर जमीन मिळते आणि भाऊ तुटतो, एवढं प्रत्येकीला कळतं. कचेरीबाहेर थोरल्यानं मला उसाचा रस पाजला आणि म्हणाला, "बाई, जमीन आमची झाली, पर घर तुजंच हाये. तुजं दार कवाच लागायचं न्हाई." धाकटा तर रडला. मी जमीन दिली ती या एका बोलण्यावर. मला बाकी काही नको होतं. दिवाळीला भावानं न्यायला यावं, चार दिवस आपल्या गावात आपल्या अंगणात पाय पसरून बसावं, कुणी चहा आणून द्यावा, बस.

काही वर्षं ते मिळालंही. एका वर्षी हळदीला चांगला भाव लागला आणि दोघा भावांच्या डोक्यात मोटारसायकल शिरली. साधी नाही, दोन सिलिंडरची. थोरल्यानं कंपनी ठरवली, धाकट्यानं रंग ठरवला, आणि दोघं मिळून नांदेडहून ती घेऊन आले. पहिल्याच संध्याकाळी माझ्या दारात आणून उभी केली. तिचा आवाज ऐकून शेजारच्या गल्लीतली माणसं जमली. थोरला चालवत होता, धाकटा मागं बसून सगळ्यांना हात करत होता. मी तिच्या टाकीला कुंकू लावलं. या गाडीपायी मी माझं घर गमावणार आहे असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी त्याचं तोंड फोडलं असतं.

दोघांचं फाटलं ते धुऱ्यावरून. कागदावर शेत एक असलं तरी दोघं निम्मं-निम्मं कसत, आणि मधला धुरा, म्हणजे बांध, एकानं नांगरताना थोडा खाल्ला असं दुसऱ्याचं म्हणणं. बायका भांडल्या, मग नवरे भांडले, मग गावातली चार माणसं बसली आणि वाटणी झाली. शेत वाटलं. गोठ्याच्या मधोमध पत्रा ठोकला. घरात भिंत घातली. आंब्याच्या झाडाच्या फांद्यासुद्धा वाटल्या, उगवतीकडच्या थोरल्याला, मावळतीकडच्या धाकट्याला. विहीर एकच, म्हणून तिच्या पाण्याची पाळी लावली, आठ दिवस याची मोटर, आठ दिवस त्याची. गाडीवर अडलं. दोघांपैकी एकही विकायला तयार नाही, सोडायला तयार नाही. मग पंचांनी डोकं चालवलं आणि विहिरीसारखीच गाडीलाही आठ-आठ दिवसांची पाळी लावून दिली.

इथंपर्यंत ठीक होतं. पण गाडी उभी करायची ती अंगणात, दोन्ही दारांच्या मधे, कारण सावली तेवढीच. तिची डावी बाजू थोरल्याच्या दाराकडं, उजवी धाकट्याच्या. पाळी कुणाचीही असो, थोरली वहिनी डावीच बाजू पुसायची आणि धाकटी उजवीच. दसऱ्याला पूजा झाली तर डाव्या सिलिंडरला एका घरचं हळद-कुंकू आणि उजव्याला दुसऱ्या घरचं. हार दोन, नारळ दोन. एका चाकाखाली लिंबू थोरल्याचा, दुसऱ्या चाकाखाली धाकट्याचा. पोरंसुद्धा बोलायला लागली, डावा आमचा, उजवा तुमचा. मला हे कळलं तेव्हा मी पोट धरून हसले होते. हसायला नको होतं, कारण तिथूनच पुढचं सगळं वाढलं.

दोन सिलिंडरच्या गाडीला हवा आत घेणारी दोन तोंडं असतात. त्याला आम्ही थ्रॉटल बॉडी म्हणतो. प्रत्येक तोंडात एक गोल चकती असते. मूठ पिळली की दोन्ही चकत्या सारख्या उघडाव्या लागतात, म्हणजे दोन्ही सिलिंडरला सारखी हवा जाते. गाडी जागेवर उभी असताना किती हवा जावी ते ठरवायला दोन्हीकडं एकेक बारीक स्क्रू असतो, आणि कंपनी त्यावर रंगाचा ठिपका देऊन ठेवते. ठिपका म्हणजे हात लावू नका. आमच्या भागात ठिपका दिसला की पहिल्यांदा तोच स्क्रू फिरवतात. गाडी जोरात धडधडत उभी राहिली की मालकाला ती ताकदवान वाटते, म्हणून मिस्त्रीही फिरवून देतो.

थोरला आपल्या पाळीत औंढ्याला जायचा आणि तिथल्या मिस्त्रीला सांगायचा, डाव्याचं वाढव. धाकटा आपल्या पाळीत कळमनुरीला जायचा आणि उजव्याचं वाढवून आणायचा. ज्याचं त्याचं सिलिंडर जोरात चाललं पाहिजे. एकाला हवा जास्त, दुसऱ्याला कमी, आठ दिवसांनी उलटं. अशी गाडी हँडल हलवून हलवून मनगटं बधिर करते, मधेच बंद पडते, मूठ सोडली तरी पुढं धावते. आणि ती बिघडली की ज्याच्या पाळीत बिघडली तो म्हणायचा, दुसऱ्यानं मुद्दाम करून ठेवलं. हे ऐकून शहाणी माणसं लगेच भाऊ आणि सिलिंडर अशी जोडी लावायला बसतात. लावू नका. लोखंड समजावलं तर ऐकतं.

तुम्ही विचाराल, बहीण वसमतला हेच काम करते, तर तिच्याकडं का नाही आणली? नाही आणली, कारण थोरल्याला वाटायचं मी धाकट्याची, आणि धाकट्याला वाटायचं मी थोरल्याची. वाटणी झाल्यापासून मला दिवाळीला न्यायला कुणी आलंच नाही. हा म्हणायचा, त्याची पाळी आहे. तो म्हणायचा, याची आहे. मला पाळी नव्हती म्हणून मी राहिले. दर दिवाळीला मी पिशवी भरून ठेवायचे आणि दर दिवाळीला रिकामी करायचे. नवरा म्हणायचा, अगं, मी सोडून येतो ना. पण माहेरी जाणं आणि सोडलं जाणं यात फरक आहे. न बोलावता गेले असते तर कुठल्या दारात उतरले असते?

फोनवर कळली ती मारामारी अशी झाली. पाळी बदलण्याच्या दिवशी थोरल्याच्या हातात गाडी आली, आणि बाजाराला निघाला तर गावच्या वळणावर मूठ सोडूनही ती पुढंच गेली. मागं वहिनी बसलेली. दोघं खडीवर आपटले. वहिनीच्या कोपराचं हाड बाहेर दिसत होतं असं मला नंतर सांगितलं. थोरला लंगडत घरी आला, बैलगाडीच्या कडेची उभारी उपसली, आणि धाकटा पाणी पीत बसला होता तिथंच त्याच्या डोक्यात घातली. तांब्या, पाणी, रक्त सगळं एकदमच सांडलं. लोकांनी धरलं म्हणून दुसरी बसली नाही.

त्यानंतर दोघं माझ्याकडं आले. थोरला गाडीवर, येता येता औंढ्यात पुन्हा डाव्याचं वाढवून, आणि धाकटा एसटीनं. धाकट्याच्या डोक्याला पट्टी, एक डोळा सुजून मिटलेला. थोरल्याची ढोपरं सोललेली आणि त्यावर हळद थापलेली. दोघं गॅरेजच्या दोन टोकांना उभे राहिले. मला कुणी कशी आहेस म्हणून विचारलं नाही. मी नवऱ्याला आत बोलावून सांगितलं, "अहो, ही गाडी आज नीट झाली ना, तर यांना भांडायला कारण उरणार नाही. या दिवाळीला मी जाणार बघा." तो म्हणाला, "कारण गाडीच आहे का?" मला त्याचा असा राग आला की मी त्याला बाहेर ढकलला.

टाकी उतरवली. दोन्ही तोंडं उघडून बघितली तर आतून पिवळी. आमच्याकडं हळदीचा हंगाम असला की हळद पॉलिश करणाऱ्या ड्रमांची धूळ सगळ्या हवेत असते, आणि वाटणी झाल्यापासून एअर फिल्टर बदलायचा तो कुणी, यावर एकमत नव्हतं. हळदीची भुकटी आणि काजळी मिळून चकत्यांच्या कडेला चिकट थर बसला होता. मी तो फवारा मारून आणि फडकं घालून काढला. स्क्रूवरचे ठिपके तर कधीच उडाले होते. डाव्या स्क्रूचं डोकं पार गोल झालेलं, उजव्याचं अर्धं तुटलेलं. कुणी कुणाच्या तोंडावर मारावं तसं या दोघांनी ते स्क्रू पिळले होते.

"कुणी एवढं आवळून ठेवलंय?" मी विचारलं.

"त्यानं," दोघंही म्हणाले.

माझं हत्यार साधं आहे. गवंडी भिंतीची पातळी बघायला पाणी भरलेली पारदर्शक नळी धरतात, तीच नळी मी एका फळीवर घोड्याच्या नालासारखी वाकवून बसवली आहे. आत पाण्याऐवजी काळं तेल, अर्ध्यापर्यंत. नळीचं एक टोक डाव्या थ्रॉटल बॉडीच्या खालच्या बारीक तोंडाला लावायचं, दुसरं उजव्याच्या. इंजिन चालू केलं की दोन्ही बाजू हवा ओढतात. जिकडं हवा कमी मिळते तिकडं ओढ जास्त, आणि तेल तिकडं चढतं. दोन्हीकडं तेल एका पातळीला आलं की काम झालं. तेल फार चढलं तर इंजिनात जाईल, म्हणून नळी चिमटीत धरायला माणूस लागतो. मी दोघांना हे समजावलं आणि सांगितलं, "आपापल्या बाजूला उभे राहा आणि आपापली नळी धरा. मी म्हणेन तेव्हा दाबायची."

गाडी चालू केली तर ती स्टँडवरच नाचायला लागली. डब्यातले नट खडखडायला लागले. तेल सरळ उजवीकडं धावलं. "दाब!" मी ओरडले. धाकट्यानं नळी दाबली.

थोरला म्हणाला, "बघ, कसं त्याच्याकडंच ओढून राहिलंय. शेत बी असंच ओढलं."

धाकटा म्हणाला, "मला कमी मिळतं म्हून ओढतंय, भाड्या. अक्कानं आताच सांगितलं. सगळी हवा तूच खाऊन बसला."

"भाड्या कुणाला म्हंतो रे?"

मी गरम सायलेन्सरच्या वर हात घालून बसले होते. मनगटाला चटका बसला, कातडी तिथंच चिकटली. मी स्क्रूड्रायव्हर उलटा धरून आधी याच्या गुडघ्यावर हाणला, मग त्याच्या. "नळी सुटली तर तुमच्या दोघांच्या नरड्यात घालीन," मी म्हणाले. दोघांनी नळ्या घट्ट धरल्या. बापाच्या घरचं बोलणं त्यांना लगेच कळतं.

दोन्ही स्क्रू मी आधी पूर्ण आत बसवले, मग सारखे बाहेर काढले, म्हणजे सुरुवात तरी एका जागेवरून. तरी तेल एकदा इकडं, एकदा तिकडं. डावा केसभर, उजवा केसभर. मधे इंजिन तापलं की बंद करायचं, पंखा लावायचा, पुन्हा चालू. घाम डोळ्यांत जात होता. बाहेर पॉलिशचा ड्रम घरघरत होता आणि रस्त्यावरून हळदीच्या पोत्यांचे ट्रॅक्टर हॉर्न मारत जात होते. तेल ज्याच्या बाजूला चढे तो चोर ठरल्यासारखा मान खाली घाली, दुसरा नाकानं आवाज काढी. मी दोघांकडं बघतच नव्हते. मी फक्त तेलाच्या दोन रेघांकडं बघत होते, आणि मनातल्या मनात घरची पायरी, अंगण, आंब्याखालची बाज सगळं बघत होते. मी देवाला फार मागत नाही. त्या दिवशी औंढ्याच्या नागनाथाला मागितलं.

मग तेल थांबलं. दोन्हीकडं एकाच रेघेवर. मूठ थोडी पिळली, दोन्ही बाजू एकदम हलल्या आणि एकदम जागेवर आल्या. गाडीचा आवाज खाली आला, इतका की पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. टाकी बसवली, टाकीवर पाण्याचा पेला ठेवला, पाणी हलेना. थोरला जवळ आला आणि त्यानं सीटवर हात ठेवला. धाकट्यानं सुजल्या डोळ्यानं वाकून डावं सिलिंडर बघितलं, मग उजवं. "आणली त्या दिशी अशीच वाजत होती," तो म्हणाला. "व्हय," थोरला म्हणाला. वाटणीनंतर एकमेकांना शिवी नसलेला हा पहिला शब्द मी ऐकला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते ग्रीसच्या हातानं पुसलं.

नवऱ्यानं चहा आणला. कप खाली ठेवायच्या आत थोरला म्हणाला, "चला, निघतो मी. पाळी माझी चालू हाये."

"पाळी तुजी डोक्यात उभारी घातली तवाच सपली," धाकटा म्हणाला. "मी दवाखान्यात पडलो ते दिस कुणाच्या खात्यात?"

"माझी बायको हात मोडून पडली ते कुणाच्या?"

धाकट्यानं फेकलेला चहाचा कप थोरल्याच्या छातीवर फुटला. मग बोलणं संपलं. थोरल्यानं धाकट्याची पट्टी धरून ओढली, टाक्यातून रक्त आलं. धाकट्यानं डोकं त्याच्या नाकावर घातलं. दोघं माझ्या फळीवर पडले, फळी मोडली, नळी फाटली आणि काळं तेल सगळ्या फरशीवर पसरलं. त्या तेलात घसरत, उठत, पुन्हा घसरत दोघं एकमेकांचे गळे शोधत होते. नवरा सोडवायला गेला तर त्याला ढकलून दिला, तो हवेच्या टाकीवर आपटला. धाकटा थोरल्याच्या छातीवर बसला आणि हाताला लागली ती टॉमी, नट सोडवायची लोखंडी कांब, त्यानं उचलली. मी बघितलं, तो डोळ्यांच्या मधे नेम धरत होता.

भिंतीला जुन्या क्लच वायरी टांगलेल्या असतात. मी एक उपसली, दुहेरी केली आणि धाकट्याच्या पाठीवर घातली. शर्ट फाटला. टॉमी खाली पडली. तो उठला तर दुसरी त्याच्या मांडीवर. मग थोरला उठायला लागला, त्याला. मग पुन्हा याला. मी दोघांना कोपऱ्यात रेटून बडवलं. वयानं मोठा कोण, लहान कोण हे बघितलं नाही. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटत होतं. जितक्या दिवाळ्या मी पिशवी रिकामी केली होती तेवढ्यांचं सगळं हातात आलं होतं. हात दुखायला लागला तेव्हाच थांबले.

गाडी अजून चालूच होती. मी किल्ली फिरवून बंद केली, किल्ली काढली आणि मुठीत घेतली.

"आता ऐका," मी म्हणाले. "गाडी कुणालाच न्हाई. हितंच राहील. दिवाळीला तुमी दोघं या. दोघं मिळून या, मला न्यायला. मला घरी न्या, माझ्या हातचं ओवाळून घ्या, मग किल्ली देते. तवर कुणी आलं तर पाय मोडीन."

दोघं तेलानं आणि रक्तानं माखलेले, भिंतीला टेकून धापा टाकत होते. मला वाटलं आता थोरला मान खाली घालेल. त्यानं वळून धाकट्याकडं बघितलं. धाकट्यानंही त्याच्याकडं बघितलं. काही तरी त्यांच्यात ठरलं, ते मला समोर दिसलं.

"किल्ली दे," थोरला म्हणाला.

"तुजा ह्याच्यात काय वाटा हाये, अक्का?" धाकटा म्हणाला. "तू तर सही करून मोकळी झाली."

"वाटा कुठं मागून राहिले? दार मागून राहिले."

"दार," थोरला म्हणाला, आणि हसला. "परक्या घरची बाई तू. आमच्या घरातलं आमी बघू. त्यानं मला मारलं तर माझ्या भावानं मारलं. तुजी हिंमत कशी झाली?"

मी वायर उचलायला वाकले, पण थोरल्यानं माझं मनगट धरलं, भाजलेलंच. मी त्याच्या नडगीवर लाथ घातली, तो हलला नाही. नवरा धावून आला तर थोरल्यानं दुसऱ्या हातानं त्याला दूर धरलं. मी मूठ आवळली. मग धाकटा पुढं आला आणि माझी बोटं उघडायला लागला. आधी करंगळी, मग तिच्या शेजारचं. मी आवळत होते, तो उघडत होता. मनगट जरा ढिलं पडलं की तो म्हणायचा, "दादा, धर नीट," आणि दादा धरायचा. कितीतरी दिवसांनी मी त्याच्या तोंडून दादा ऐकत होते. करंगळीत काही तरी कट्कन वाजलं तेव्हा मी ओरडले. दोघांपैकी कुणी थांबलं नाही. किल्लीची कडा माझ्या तळहातात रुतली होती, ती धाकट्यानं नखानं उकलून काढली.

किल्ली त्यानं थोरल्याला दिली. थोरला बसला. धाकट्यानं गाडी स्टँडवरून उतरवायला हात लावला, आणि मग तोही मागं बसला. एसटीला गेला नाही. थोरल्यानं विचारलं, "बराबर बसलास का?" तो म्हणाला, "बसलो, चल."

नवऱ्यानं माझा हात फडक्यात गुंडाळला आणि म्हणाला, पोलिसांत जाऊ. मी नको म्हणाले. मी दारात उभी राहून ऐकत होते. रस्त्यापर्यंत, मग औंढ्याच्या नाक्यापर्यंत, गाडी कुठंही अडखळली नाही, एक ठोका चुकला नाही. काम मी चोख केलं होतं. माझं माहेर मीच बराबर करून दिलेल्या गाडीवर, माझ्या डोळ्यांदेखत, डबल सीट निघून गेलं.